टपावर दोन कयाक आणि सरकलेला क्लॅम्प: नेरूळ ते कोलाड प्रवासाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नेरूळच्या एका सोसायटीतल्या चार मित्रांनी वर्गणी काढून दोन कयाक, म्हणजे वल्ह्यांनी चालवायच्या अरुंद होड्या, घेतल्या. दोन्ही पॉलिथिलीनच्या, गडद निळ्या, वर उघड्यावर बसून वल्हवायच्या ‘सिट ऑन टॉप’ प्रकारच्या. मोठी दोघांची: लांबी ३.७ मीटर, रुंदी ८४ सेंटिमीटर, वजन ३३ किलो. छोटी एकट्याची: ३.१ मीटर, ७४ सेंटिमीटर, २१ किलो. गाडी सात आसनी, ४.४ मीटर लांब, १.६९ मीटर उंच, टपावर कंपनीतूनच आलेले रेल. त्या रेलवर बसवायचे ॲल्युमिनियमचे दोन आडवे बार, टोकांना रेल पकडणारे क्लॅम्प असलेले, त्यांनी ऑनलाइन मागवले होते. जोडीचं वजन ६ किलो.

ठरलेलं ठिकाण कोलाड. कुंडलिकेला पावसाळ्यानंतरही पाणी असतं ते भिऱ्याच्या जलविद्युत प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यामुळे. हे पाणी सकाळी येतं, म्हणून तिथल्या राफ्टिंगचं सगळं वेळापत्रकही सकाळचं. या चौघांना खळाळत्या टप्प्यात उतरायचं नव्हतं, खालच्या संथ पात्रात फिरायचं होतं. तरीही पाणी भरपूर असताना पोहोचायचं तर नेरूळहून पहाटे साडेचारला निघणं भाग होतं. अंतर सुमारे शंभर किलोमीटर: सायन-पनवेल महामार्गाने कळंबोली, पुढे पळस्पे फाटा, कर्नाळ्याची खिंड, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड.

पहाटे अंधारात बांधाबांध नको म्हणून आदल्या संध्याकाळीच होड्या चढवल्या. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगची उंची २.१ मीटर. होड्या लादल्यावर गाडी अडीच मीटरच्या आसपास जात होती. त्यामुळे गाडी रात्रभर फाटकाबाहेर उघड्यावर उभी राहिली. महिना डिसेंबरचा.

पहिली बांधणी अशी होती. बार १.२ मीटर लांबीचे. त्यांवर दोन्ही होड्या शेजारी-शेजारी मावेनात, म्हणून मोठी खाली, छोटी तिच्यावर, मध्ये जुन्या गादीचा फोम. दोन्ही सरळ, म्हणजे बूड खाली. चालकाला समोरचं नीट दिसावं म्हणून होड्या मागे सरकवलेल्या. सगळ्याला मिळून एकच १० मिलिमीटरची नायलॉन दोरी, दोन्ही बारांभोवती आडवी-तिडवी फिरवून शेवटी एक गाठ. नाकाला किंवा शेपटाला वेगळी दोरी नाही. चार वल्ही आणि चार लाइफ जॅकेट मोठ्या होडीतच कोंबलेली, कारण डिकी जेवणाच्या सामानाने भरली होती.

बांधून झाल्यावर दोरी हाताने ओढून पाहिली. ती तारेसारखी ताठ होती, आणि त्या एका तपासणीवर सगळे निर्धास्त झाले.

अडचण

कळंबोलीपर्यंत काही जाणवलं नाही. तिथून जेएनपीटी बंदराच्या कंटेनर ट्रेलरांची रांग लागते. तिच्या बाजूने ८० च्या वेगाने पुढे जाताना टपावरून एक-दोनदा भुर्र असा आवाज आला. दोरीचा असेल म्हणून सोडून दिला. कर्नाळ्याची वळणं झाली. पेण ओलांडल्यावर खराब पट्ट्यात ‘टक्-टक्’ सुरू झालं. खिडकी खाली केली तर आवाज डावीकडून, मागच्या बाजूने. वडखळच्या पेट्रोल पंपावर गाडी थांबवली तेव्हा सहा वाजायचे होते.

पंपाच्या दिव्याखाली जे दिसलं ते असं:

दोन्ही होड्यांचं नाक सुमारे २० सेंटिमीटर डावीकडे वळलं होतं. मागच्या बारचा डावा क्लॅम्प रेलवर ६ सेंटिमीटर मागे घसरला होता, त्यातलं रबर अर्धं बाहेर लोंबत होतं. उजवा क्लॅम्प जागेवर, म्हणजे बार तिरका. दोरी बारच्या कडेवर घासून एका जागी तिचे तंतू फुलले होते. शार्क फिन अँटेना मुळापासून हललेला. मोठ्या होडीच्या बुडाला, नेमकं मागच्या बारवर टेकत होतं तिथे, तळहाताएवढा खोलगा.

काही पडलं नव्हतं. पण पुढे नागोठण्यापर्यंतचा रस्ता याहून बरा असेल, अशी अपेक्षा ठेवायला काही आधार नव्हता. आणि क्लॅम्प पुन्हा आवळायची ॲलन की (षटकोनी किल्ली) नेरूळला, बारच्या खोक्यात राहिली होती.

पंपावरचा निर्णय

तीन वाटा होत्या. तसंच हळू चालवत पुढचे चाळीसेक किलोमीटर काढायचे, परत फिरायचं, किंवा भार कमी करून पुढे जायचं. गाडीमालकाचा कल पहिल्या वाटेकडे होता. गटातला एकजण कारखान्यात देखभाल विभागात काम करणारा, तो म्हणाला, “दादा, दोरी परत आवळू, पण बारच सुटला तर दोरी काय धरणार?” त्यावर दोन्ही होड्या उतरवल्या गेल्या.

वडखळजवळ पोलादाचा मोठा कारखाना असल्याने ट्रकचा राबता दांडगा. ट्रकच्या सामानाचं दुकान साडेसातला उघडलं. तिथून ॲलन कीचा संच आणि खटक्याने आवळायचे दोन रॅचेट पट्टे घेतले. क्लॅम्प मूळ जागी आणून आवळला. छोटी होडी एका रिकाम्या परतणाऱ्या पिकअपच्या हौद्यात, केबिनमागच्या लोखंडी चौकटीवर नाक टेकवून तिरकी बसली. मोठी एकटीच टपावर. वल्ही आणि जॅकेट माणसांच्या पायाशी. कोलाडला पोहोचायला पावणेदहा झाले.

होड्या उतरवणं आणि भार वाटून टाकणं हा निर्णय योग्यच होता. त्यात एक चूक राहिली. रॅचेटचा खटका हाताच्या जोराच्या कित्येक पट ताण देतो आणि बाहेर ट्रकवाले जसा शेवटच्या दातापर्यंत ओढतात तसाच तो इथेही ओढला गेला. पॉलिथिलीनची होडी लोखंडी कॉइल नसते. मोठ्या होडीच्या कडांना दोन नवे खोलगे पडले.

कारणं: टपाकडून वर

घरी आल्यावर कारण शोधताना या गटाने एक गोष्ट फार बरी केली. सुरुवात दोरीपासून न करता सगळ्यात खालून केली: टप, रेल, क्लॅम्प, बार, मग होडी, आणि शेवटी दोरी. होडीचा प्रत्येक धक्का याच साखळीतून गाडीच्या सांगाड्यात उतरतो. बांधणारा माणूस मात्र साखळीची वरची, डोळ्यांसमोरची कडी तेवढी तपासतो. टपावरून पडलेल्या सामानाच्या बाबतीत दोरी शाबूत आणि बार उपटलेला, असं घडू शकतं ते त्यामुळेच.

टपाची मर्यादा. गाडीच्या पुस्तिकेत टपावरचा कमाल भार ५० किलो दिला होता, तोही बार आणि कॅरियर धरून. प्रत्यक्षात होड्या ५४, बार ६, फोम आणि दोरी ३, वल्ही आणि जॅकेट ७: एकूण ७० किलो. वीस किलो जादा, आणि त्यातले सात किलो कुणी मोजलेच नव्हते. ५० हा आकडा चालत्या गाडीसाठी असतो. उभ्या गाडीच्या टपावर एक माणूस चढला तर टप खचत नाही, म्हणून चालत्या गाडीवर तेवढंच वजन चालेल असा अर्थ निघत नाही. खड्ड्यात चाक आदळलं की तोच भार क्षणभर दुप्पट होऊ शकतो. करकचून ब्रेक मारला तर ५४ किलोंच्या होड्या ४० किलोंहून जास्त जोराने पुढे ढकलतात.

रेल. काही गाड्यांवरचे रेल निव्वळ शोभेचे असतात, चिकटपट्टीने बसवलेले. या गाडीचे तसे नव्हते. रेलच्या पायाशी असलेली प्लॅस्टिकची टोपणं काढली तर आत बोल्ट दिसले, आणि पुस्तिकेतही रेलवर भाराची मर्यादा दिलेली होती. ज्या पुस्तिकेत हा आकडा मुळीच नाही, त्या गाडीच्या रेलवर बार लावू नये.

क्लॅम्प. इथे खरी गोम होती. प्रवासाच्या आठवडाभर आधी गाडीला पॉलिश मारून घेतलं होतं आणि पॉलिशवाल्याने रेलही चकाचक केले होते. मेणाच्या त्या थरावर क्लॅम्पचं रबर धरत नव्हतं. शिवाय मागचा क्लॅम्प रेल जिथून खाली उतरायला लागतो त्या बाकदार भागावर बसवला होता. तिथे रेलची जाडी बदलते, त्यामुळे जबड्याची एकच कड टेकते.

बारांमधलं अंतर आणि भाराचा मध्य. दोन बारांत ६५ सेंटिमीटर अंतर होतं. होड्या मागे सरकवल्याने त्यांचा समतोल-बिंदू मागच्या बारच्या जेमतेम १० सेंटिमीटर पुढे आला. बार सोडून वरचा भार ६४ किलो. समोरच्या बारपासून ५५ आणि मागच्यापासून १०, या हिशेबाने मागच्या एकट्या बारवर ५४ किलो आणि पुढच्यावर १० किलो. म्हणजे पुढचा बार जवळजवळ रिकामा, आणि मागचा एकटा टपाच्या पूर्ण मर्यादेहून जास्त भार वाहतोय. अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात बोलका आकडा हाच. समोरचं दिसावं म्हणून केलेल्या साध्या बदलाने मागचा क्लॅम्प घसरण्याच्या बेतात आणून ठेवला.

होडी. संध्याकाळी पाचला बांधताना होड्या दिवसभर उन्हात तापलेल्या होत्या. तापलेलं पॉलिथिलीन मऊ पडतं. सरळ ठेवलेल्या होडीचं पसरट बूड बारवर दबलं, बार आत रुतला, आणि रुतला तेवढी दोरी सैल झाली. वरची होडी त्याच दोरीवर अवलंबून, म्हणून तीही मोकळी.

दोरी. नायलॉन ताणाखाली लांबतं, दवाने भिजलं की आणखी ढिलावतं. संध्याकाळी ताठ असलेली दोरी पहाटे तशी नव्हती आणि निघताना ती पुन्हा तपासली गेली नाही. एकच सलग दोरी असल्याने एका जागी आलेली ढिलाई सगळीकडे पसरली. ती जिथे घासली तिथे तुटली असती तर दोन्ही होड्या एकदम सुटल्या असत्या.

आणि वारा. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: ६० वरून ८० ला गेलं की जोर पावणेदोन पटींहून थोडा जास्त, ८० वरून १०० ला गेलं की आणखी दीडपटीहून अधिक. नाकाला दोरी नसलेली होडी म्हणजे मध्ये अडकवलेली लांब पट्टी. कंटेनरच्या बाजूने येणारा झोत तिचं नाक ढकलतो आणि ती बारभोवती फिरू पाहते. कळंबोलीजवळचा ‘भुर्र’ आवाज दोरी फडफडल्याचा, म्हणजे ढिलाईचा पहिला इशारा होता.

तपासलेले पर्याय

पहिला पर्याय तुर्भे एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरने सुचवला: चौकोनी लोखंडी पाइपचं वेल्ड केलेलं कॅरियर. “साहेब, दोन माणसं उभी राहिली तरी वाकणार नाही,” ही त्याची खात्री खोटी नव्हती. पण कॅरियरचं वजन २२ किलो. पन्नासातून बावीस गेले की उरतात अठ्ठावीस, आणि मोठी होडी तेहतीसची. कॅरियर मजबूत झालं म्हणून टपाची मर्यादा वाढत नाही.

दुसरा, बाहेरून टेम्पो. छोटा हत्तीचा हौदा सात फुटांच्या आसपास, मोठी होडी बारा फुटांची. म्हणजे चौदा फुटी टेम्पो हवा. कोलाडचे जाऊन-येऊन साडेसहा हजार सांगितले गेले. वर्षातून एकदा ठीक, दर महिन्याला नाही.

तिसरा, ट्रेलर. कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हे स्वतंत्र मोटार वाहन आहे. त्याची नोंदणी, जोडणीचा हूक, सोसायटीत तो ठेवायची जागा. हा विचार लवकर सोडला.

चौथा, हवा भरायची कयाक. गुंडाळून डिकीत मावते, टपाचा प्रश्नच मिटतो. छोटी होडी विकून अशी घ्यावी का यावर बराच खल झाला. काठावरच्या दगडांवर ती घासेल या धास्तीने तो बेत मागे पडला, तरी शहरात राहणाऱ्याला आणि पार्किंगची उंची कमी असलेल्याला हा पर्याय आम्ही सगळ्यात आधी पाहायला सांगू.

पाचवा, दोन गाड्या. गटातल्या चौथ्या मित्राकडे जुनी जीपवजा गाडी होती, टपाच्या दोन्ही कडांना पन्हळ असलेली. पन्हळीवर चिमटा मारून बसणारं कॅरियर घसरत नाही, आणि मेकॅनिकलाही ते काम सवयीचं. छोटी होडी तिच्यावर आणि मोठी सात आसनी गाडीवर, असं ठरलं. इंधनाचा खर्च वाढला, पण एका टपावर एकच होडी राहिली आणि बांधणी सोपी झाली.

कायद्याची बाजूही यातच पाहिली गेली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९३ नुसार लादलेला माल गाडीच्या बाजूंच्या बाहेर किंवा मागच्या टोकापलीकडे जाता कामा नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ (१ए) खाली असा बाहेर आलेला माल आढळला तर २०,००० रुपये दंड आणि माल उतरवण्याचा खर्च, अशी तरतूद आहे. मागे लाल फडकं बांधलं की सगळं चालतं हा समज इथे कामाचा नाही. ३.७ मीटरची होडी ४.४ मीटरच्या गाडीवर मध्यावर बसवली तर हा प्रश्न येतच नाही. ती मागे सरकवली की येऊ लागतो.

काय केलं

रेल आधी साबणाच्या पाण्याने, मग स्पिरिटने पुसून मेण काढलं. क्लॅम्पची रबरं धुऊन वाळवली. अर्धं फाटलेलं एक बदललं. मागचा बार रेलच्या सरळ भागातच ठेवून पुढचा आणखी पुढे नेला. अंतर ८० सेंटिमीटर झालं. होडीच्या लांबीच्या एक-तृतीयांशाएवढं, म्हणजे १.२ मीटर, मिळालं असतं तर उत्तम, पण या रेलवर सरळ भाग तेवढाच होता. बोल्ट डावा-उजवा आळीपाळीने, थोडा-थोडा आवळत, बारसोबत आलेल्या किल्लीतून ‘टक्’ येईपर्यंत घट्ट केले. त्यानंतर प्रत्येक क्लॅम्पच्या कडेला, क्लॅम्पवरून रेलवर जाईल अशी पांढऱ्या पेंट मार्करची एक रेघ मारली. क्लॅम्प दोन मिलिमीटर जरी सरकला तरी रेघ तुटलेली दिसते. पाच रुपयांच्या शाईचं काम आहे, पण अंधारातही टॉर्चच्या एका झोतात चारही क्लॅम्पची खबर मिळते.

मोठी होडी आता पालथी, बूड वर. पालथ्या होडीच्या कडा बारवर टेकतात. त्या बुडापेक्षा कडक असतात, आणि उघड्या भागात पाऊस साठत नाही. बारवर अर्ध्या इंची बंद छिद्रांचा कडक फोम, गादीचा नव्हे. होडीचा समतोल-बिंदू आधी जमिनीवर एका बांबूवर तोलून शोधला आणि तिथे चिकटपट्टी लावली. चढवताना ती पट्टी दोन बारांच्या बरोबर मध्ये आणायची. आता होडी आणि फोम मिळून ३४ किलो, प्रत्येक बारवर १७. बार धरून टपावर एकूण ४०. पालथ्या होडीची अँटेनाशी गाठ पडत नाही ना आणि डिकीचं दार उघडताना होडीला लागत नाही ना, हेही तेव्हाच पाहून घेतलं.

नायलॉनच्या दोरीऐवजी २५ मिलिमीटर रुंदीचे, साडेतीन मीटरचे दोन पॉलिस्टरचे पट्टे, कॅम बकलचे, म्हणजे हाताने ओढलेला पट्टा चिमट्यासारखा धरून ठेवणाऱ्या बकलचे. यात ताण फक्त हाताच्या ओढीएवढाच येतो, म्हणून होडी चेपत नाही. प्रत्येक बारला स्वतंत्र पट्टा. पट्टा होडीवरून टाकायचा, बारखालून घ्यायचा, परत वर आणून बकलमध्ये घालायचा. बारखालून जाताना तो क्लॅम्पच्या आतल्या बाजूने, होडीच्या कडेला चिकटून जायला हवा. दूर गेला तर होडी मधल्या मोकळ्या जागेत सरकते. बकलखाली कापडाची गादी. मोकळ्या भागात पट्ट्याला एक पीळ, म्हणजे तो वाऱ्यात गुणगुणत नाही. उरलेलं टोक बकलच्या मागे दोन अर्ध्या गाठींनी बंद.

मग नाक आणि शेपूट. बॉनेटखाली, मडगार्डच्या बोल्टखाली दोन्ही बाजूंना पट्ट्याचे फासे कायमचे अडकवले. एरवी ते आत दुमडून ठेवता येतात. नाकाच्या कडीपासून दोन दोऱ्या या दोन फाशांकडे, उलट्या ‘व्ही’सारख्या. मागे शेपटापासून एक दोरी, गाडी ओढायच्या मागच्या हुकाला. दोन्हीकडची दोरी ८ मिलिमीटर पॉलिस्टरची. मागची दोरी मागे झुकलेली असल्याने ब्रेकच्या वेळी होडीला पुढे जाऊ देत नाही, पुढच्या दोऱ्या मागे जाऊ देत नाहीत आणि नाक वाऱ्याने वळू देत नाहीत. या दोऱ्या फक्त ढिलाई जाईपर्यंत ओढायच्या. जास्त ओढल्या तर होडीच धनुष्यासारखी वाकते. पुढच्या दोऱ्या चालकाला काचेतून सतत दिसतात, त्यामुळे त्यांतली एक जरी झोका घेऊ लागली तरी थांबायची वेळ लगेच कळते. उरलेलं टोक कधीही सुटं लोंबू द्यायचं नाही. ते चाकाखाली गेलं तर होडीचं नाकच खाली खेचलं जातं.

शेवटची परीक्षा: होडीचं नाक धरून जोरात डावीकडे-उजवीकडे हलवायचं. होडी एकटी हलली तर बांधणी अपुरी. तिच्यासोबत अख्खी गाडी डुलली तर ठीक.

बांधणी आता निघायच्या दिवशीच होते. होड्या आदल्या रात्री फाटकाजवळ सावलीत ठेवलेल्या असतात, थंड होडीवर पहाटे पट्टे चढतात, दोघांना सरावाने पंधरा-वीस मिनिटं लागतात. मोठी होडी एका बाजूने उचलत नाहीत: मागच्या बारवर आणि डिकीच्या कडेवर रबरी पायपुसणं टाकून आधी नाक टेकवायचं, मग मागून दोघांनी ढकलायचं. थांबे ठरलेले आहेत: पहिला पाच-सहा किलोमीटरवर बेलापूरच्या अलीकडे, दुसरा पळस्प्यानंतर, पुढे दर तासाला. थांब्यावर रेघा, पट्टे, दोऱ्या, याच क्रमाने. वेग ७० च्या वर नाही. पावसाळी वाऱ्यात खाडीपुलांवर ५०. टपावर ४० किलो असताना गाडी वळणात जास्त झुकते आणि ब्रेकला जास्त अंतर घेते, म्हणून समोरच्या गाडीपासूनचं अंतरही वाढवलं.

निष्पत्ती

त्या हिवाळ्यातल्या आणि पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीच्या प्रवासांत रेघ एकदाच तुटलेली दिसली: पुढच्या उजव्या क्लॅम्पची, तीही केसभर, बार काढून पुन्हा बसवल्यानंतरच्या पहिल्या थांब्यावर. नव्याने आवळलेलं रबर पहिल्या काही किलोमीटरांत बसतं आणि बोल्टला पाव फेरा आणखी लागतो. पहिला थांबा इतका लवकर ठेवण्याचं कारण तेच.

बुडाचा खोलगा बराचसा भरून आला. होडी दुपारच्या उन्हात पालथी ठेवून, आतून हाताने दाब दिल्यावर पॉलिथिलीन मूळ आकाराकडे परततं. रॅचेटने पडलेले कडांवरचे दोन मात्र पुसट राहिले आहेत. अँटेना बदलावा लागला.

एक नवीन त्रास निघाला. खाडीच्या खाऱ्या पाण्यातून आलेली होडी तशीच चढवल्याने क्लॅम्पचे झिंक मुलाम्याचे बोल्ट दोन महिन्यांत गंजले आणि ॲल्युमिनियमच्या खाचेत अडकून बसले. ते काढून ३०४ ग्रेडचे स्टेनलेस बोल्ट आणि आपोआप न सुटणारे नायलॉक नट लावले. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम यांच्यात ग्रीसचा हात हवाच, नाहीतर तेही धरतात. आता होडी, पट्टे आणि बकल निघण्यापूर्वी गोड्या पाण्याने धुतले जातात. पाणी नसेल तिथे निदान बकल तरी बाटलीतल्या पाण्याने.

कुठे वेगळं करता आलं असतं

पहिली संधी बार विकत घेण्याच्या आधीची होती. पुस्तिकेतला ५० हा आकडा आणि होड्यांची वजनं शेजारी-शेजारी लिहिली असती तर दोन्ही एका टपावर जाणार नाहीत हे कागदावरच कळलं असतं, आणि कदाचित छोटी होडी पहिल्यापासून हवेचीच घेतली गेली असती.

दुसरी संधी संध्याकाळी पाचची. त्या वेळी बांधायचंच होतं तर पहाटे सगळं सोडून पुन्हा बांधायला हवं होतं. नुसतं आवळून भागत नाही, कारण होडी रात्रीत बारवर रुतलेली असते.

तिसरी कळंबोलीजवळची. आवाज बदलला की थांबायचं, असा नियम गाडीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असता तर क्लॅम्प बहुधा एखादा सेंटिमीटर सरकलेला असतानाच सापडला असता. तिथे बाजूला घ्यायला जागाही आहे. पुढे कर्नाळ्याच्या वळणांत ती मिळत नाही. गाडी थांबवायला सांगण्याचा अधिकार फक्त चालकाला नसावा, मागे बसलेल्यालाही तो हवा. टपाच्या मागच्या भागाचा आवाज आधी त्यालाच ऐकू येतो.

चौथी, ॲलन की. आता ती, एक जादा पट्टा, सहा मीटर दोरी, टॉर्च आणि पेंट मार्कर अशी एक पिशवी डिकीत कायम असते.

गटातल्या एकाच्या मनात सध्या ५.१ मीटरची फायबरग्लासची सागरी कयाक आहे. वजन २४ किलो, टपाच्या मर्यादेत सहज बसेल. पण गाडी ४.४ मीटरची. कशीही ठेवली तरी ७० सेंटिमीटर बाहेर राहणारच, आणि फायबरग्लासला बारवर असा टेकू चालत नाही. आकाराला जुळणारे पाळणे नसतील तर बार टेकतो तिथे जेलकोटला, म्हणजे वरच्या गुळगुळीत थराला, तडे जातात. त्यामुळे तूर्त गटाने खरेदीसाठी ४.२ मीटरची मर्यादा ठरवली आहे, आणि लांब होडी हवी असेल तर ती कोलाडलाच कुणाच्या तरी शेडमध्ये भाड्याने ठेवता येते का, याची चौकशी चालू आहे.